ऊस वाहतूक आणि ड्रायव्हरचे लायसन



गळीत हंगाम जवळ आला की आमच्या शेतकी खात्यात तोडणी-वाहतुकीच्या करारांची गडबड सुरू होते. करारपत्राला आर. सी. बुक, विम्याची पॉलिसी आणि ड्रायव्हरच्या लायसनची झेरॉक्स जोडलेली असते. आर. सी. बुक आणि पॉलिसी मालक स्वतः नीट बघून देतात, कारण तिथे पैसे मोजलेले असतात. लायसनची झेरॉक्स मात्र "जोडा हो एक कागद" अशा थाटात जोडली जाते. तिच्यावर मुदत कधीपर्यंत आहे, वाहनाचा वर्ग कोणता आहे, फोटोतला माणूस आणि डिसेंबरात रात्री दोन वाजता ट्रॅक्टरवर बसणारा माणूस एकच आहे का, हे फारसे कोणी पाहत नाही.

खोडवा, पाचट, बेणेमळा यांवर आपण या अंकांतून नेहमीच बोलतो. या वेळी त्या एका झेरॉक्सबद्दल लिहायचे ठरवले आहे. कारण ऊस चांगला आला, तोड वेळेवर मिळाली, वजनही झाले, आणि वाटेत एक अपघात झाला, तर या कागदावरून सातबाऱ्यापर्यंत कसे जाता येते हे पुष्कळ सभासदांना ठाऊक नाही. ज्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर किंवा ट्रक आहे त्यांच्यासाठी हा लेख आहेच. ज्यांची मुले हंगामात ड्रायव्हर म्हणून जातात त्यांनीही तो वाचावा.

एक शब्द आधी स्पष्ट करतो. सरकारी भाषेत लायसनला अनुज्ञप्ती म्हणतात, आणि आपण कधी परवाना म्हणतो. पण 'परमिट'लाही आपण परवानाच म्हणतो. परमिट गाडीचे असते, लायसन माणसाचे असते. घोटाळा नको म्हणून इथे मी सरळ लायसन हाच शब्द वापरणार आहे.

कोणत्या गाडीला कोणते लायसन

सध्या लागू असलेला कायदा म्हणजे मोटार वाहन कायदा, १९८८. हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याआधी १९३९ चा कायदा होता. जुन्या ड्रायव्हर मंडळींच्या तोंडी 'मिडियम' आणि 'हेवी' हे शब्द अजून बसलेले आहेत. १९९४ च्या दुरुस्तीने मिडियम आणि हेवी, माल आणि प्रवासी असे चारही वर्ग मोडून त्यांच्या जागी 'ट्रान्सपोर्ट वाहन' असा एकच वर्ग केला. म्हणून नव्या कार्डावर 'हेवी' शोधत बसू नये, 'ट्रान्स' असे लिहिलेले आहे का ते पाहावे.

कलम ३ सांगते की सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवायला चालू मुदतीचे लायसन लागते, आणि ट्रान्सपोर्ट वाहन चालवायचे असेल तर लायसनवर तशी परवानगी लागते. इथे 'सार्वजनिक ठिकाणी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. स्वतःच्या रानात नांगरट, सरी सोडणे चालले आहे, तिथे हे कलम येत नाही. बांध ओलांडून गाडी पाणंदीवर किंवा गावच्या रस्त्यावर आली, की लायसन आलेच. जिथे लोकांना जायला-यायला मुभा आहे ती सगळी जागा सार्वजनिक. शेताच्या तोंडापासून कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंतचा सगळा रस्ता त्यातच धरून चालावे.

वयाची अट कलम ४ मध्ये आहे. हलके वाहन किंवा ट्रॅक्टर चालवायला १८ वर्षे पूर्ण, ट्रान्सपोर्ट वाहन चालवायला २० वर्षे पूर्ण.

आता ट्रॅक्टर कोणत्या वर्गात येतो हा नेहमीचा वाद. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ज्या ट्रॅक्टरचे रिकामे वजन ७,५०० किलोंच्या आत आहे तो हलक्या वाहनात, म्हणजे एलएमव्हीत मोडतो. आपल्याकडचा ४५-५० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर दोन-सव्वादोन टनांचा असतो. त्यामुळे व्याख्येचा प्रश्न येत नाही. कार्डावर 'एलएमव्ही' किंवा 'ट्रॅक्टर' यांपैकी नोंद पाहिजे. नुसते मोटारसायकलचे लायसन खिशात घालून ट्रॅक्टर चालवणारे पुष्कळ आहेत. "साहेब, लायसन आहे की" म्हणून ते कार्ड पुढे करतात, त्यावर 'एमसीडब्ल्यूजी' एवढेच लिहिलेले असते. ते गिअरच्या मोटारसायकलचे. ट्रॅक्टरपुरते बोलायचे तर तो माणूस विनालायसन आहे.

ट्रॉली जोडली म्हणजे हे लायसन चालत नाही, असे काही ठिकाणी सांगितले जाते. विमा कंपन्यांनी हा मुद्दा न्यायालयात नेला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी यांच्या प्रकरणात सांगितले की ज्याच्याकडे ट्रॅक्टरचे वैध लायसन आहे तो केवळ ट्रॉली जोडल्यामुळे अपात्र ठरत नाही. पण दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. ट्रॉलीत माल भरून रस्त्याने नेताना ट्रॅक्टर-ट्रॉली मिळून मालवाहू वाहन होते, असेही त्याच न्यायालयाने २००५ मध्ये एका करविषयक प्रकरणात म्हटले आहे. स्वतःच्या रानातला ऊस स्वतःच्या ट्रॉलीतून आणणे वेगळे, आणि हंगामभर करार करून दुसऱ्यांचा ऊस ओढणे वेगळे. ज्यांचा हा धंदाच आहे त्यांनी आपल्या ड्रायव्हरला ट्रान्सपोर्टचे लायसन काढायला लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाद उद्भवल्यावर वकील बाजू मांडतीलच, पण कार्डावर 'ट्रान्स' असले तर वादच उरत नाही.

छोटा टेम्पो, पिकअप यांबाबत अनेक वर्षे गोंधळ होता. एलएमव्ही लायसनवर माल वाहणारी छोटी गाडी चालते की नाही, यावर निरनिराळे निकाल होते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालते असे सांगितले. त्यावर पुन्हा शंका काढली गेली, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती कायमची मिटवली. मालासह एकूण मंजूर वजन ७,५०० किलोंच्या आत असलेली मालगाडी एलएमव्ही लायसनवर चालवता येते, त्यासाठी वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही. बेणे, खत, मजूर साहित्य यांसाठी पिकअप ठेवणाऱ्या सभासदांना हा निकाल उपयोगी आहे.

पण त्याचा अर्थ ताणू नये. हा निकाल आल्यावर "आता ट्रकलाही चालतं म्हणे" अशी आवई गटागटांतून ऐकू आली. तसे मुळीच नाही. ऊस ओढणारा ट्रक सहाचाकी घ्या नाहीतर दहाचाकी, आर. सी. वरचे एकूण वजन साडेसात टनांच्या कितीतरी पुढे असते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर दोन आसांच्या ट्रकला १८.५ टन आणि तीन आसांच्या ट्रकला २८.५ टनांपर्यंत एकूण वजन मंजूर होते. त्याला ट्रान्सपोर्टचे लायसन हवेच.

ट्रान्सपोर्टचे लायसन काढताना

ही वाट एका हंगामात पुरी होत नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्यावे. ट्रान्सपोर्टचे शिकाऊ लायसन मिळण्यासाठी एलएमव्हीचे लायसन किमान एक वर्ष आधी काढलेले असावे लागते. म्हणजे मुलाने अठरा पुरी झाल्यावर एलएमव्हीचे शिकाऊ लायसन काढावे. ते सहा महिने चालते. तीस दिवस झाल्यानंतर पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. मग एक वर्ष थांबावे, आणि वीस पुरी झाली की ट्रान्सपोर्टच्या शिकाऊ लायसनला अर्ज करावा. दसऱ्याला विचार करून दिवाळीनंतर ट्रकवर बसायचे, असे यात जमत नाही. पोराच्या मनात ड्रायव्हरकी असेल तर दीड-दोन वर्षे आधी सुरुवात करावी लागते. नुसते ट्रॅक्टरचे लायसन काढण्यापेक्षा सरळ एलएमव्हीचे काढावे हेही त्याचसाठी सांगतो. पुढचा जिना त्याच पायरीवरून आहे.

शिक्षणाची अट पूर्वी होती. ट्रान्सपोर्टसाठी आठवी पास असल्याचा दाखला लागे, आणि त्यापायी हात चांगला असलेली कितीतरी माणसे क्लीनरच राहिली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ही अट काढून टाकली. अजूनही काही जण शाळेच्या दाखल्यावाचून अडून बसलेले दिसतात, कोणीतरी त्यांना जुनीच माहिती दिलेली असते. शाळा सुटलेल्या माणसाला आता दार उघडे आहे. मात्र शिकण्याच्या आणि परीक्षेच्या अटी तशाच आहेत.

शिकाऊ लायसनच्या वेळी रस्त्याच्या खुणा आणि नियम यांवर प्रश्न विचारतात, त्यांतले किमान साठ टक्के बरोबर यावे लागतात. अवघड नसतात, पण ज्याने कधी खुणांचा तक्ता पाहिलेला नाही तो बरोबर तिथेच अडकतो. त्यानंतर मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमधून शिक्षण घ्यावे लागते. ट्रान्सपोर्ट वाहनासाठी हा कार्यक्रम तीस दिवसांचा आणि प्रत्यक्ष चालवणे किमान पंधरा तासांचे, असे नियमात आहे. स्कूल 'फॉर्म ५' नावाचा दाखला देते. हा दाखला पैसे देऊन नुसता फाडून घेण्याची रीत आहे, ती मी लपवून ठेवत नाही. पण भरलेली गाडी घाटातून उतरवताना फॉर्म ५ उपयोगी पडत नाही, ते पंधरा तास पडतात. आपल्या पोराला ते तास पुरे करू द्यावेत, त्यात काटकसर नको.

डॉक्टरांचा 'फॉर्म १-अ' हा दाखलाही ट्रान्सपोर्टला लागतो. त्यात नजर, ऐकणे, हातपाय यांची तपासणी असते. चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबर पाटी वाचता आली पाहिजे. चष्म्याने वाचता आली तरी चालते. तांबडा आणि हिरवा रंग ओळखता यावा हेही त्यात आहे. रंगांधळेपणा सौम्य ते मध्यम असेल तर २०२० पासून सवलत आहे. चाळिशी उलटलेल्या ड्रायव्हरांना मी स्वतः होऊन सांगतो की हा दाखला न तपासता सहीपुरता घेऊ नका. हंगामात निम्मी वाहतूक रात्रीची. समोरच्या गाडीचा फोकस डोळ्यांवर आला की रस्त्याच्या कडेला काहीच दिसत नाही, असे सांगणारे कितीतरी जण भेटतात आणि तरी डोळे दाखवायला जात नाहीत.

शेवटची परीक्षा ज्या वर्गाचे लायसन हवे त्याच वर्गाच्या गाडीवर होते. मागे घेणे, अरुंद जागेत वळवणे, इशारे देणे हे सगळे पाहतात. अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर करायचा. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१६ च्या दरपत्रकाप्रमाणे शिकाऊ लायसनला प्रत्येक वर्गासाठी १५० रुपये, चालवण्याच्या परीक्षेला ३०० रुपये आणि लायसनला २०० रुपये अशी फी ठरली. तिच्यावर कार्ड, टपाल वगैरे किरकोळ आकार येतात. हे आकडे मुद्दाम दिले, म्हणजे एजंटाने सांगितलेल्या रकमेत सरकारचे किती आणि त्याचे किती हे कळावे.

शिकाऊ माणसाबद्दल एक सांगायचे राहिले. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडा 'एल' लावणे आणि पक्के लायसन असलेला माणूस गाडी थांबवता येईल अशा जागी शेजारी बसलेला असणे, या दोन अटी आहेत. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून बिडी ओढणारा चुलता या अटीत बसत नाही.

डिस्टिलरीतून इथेनॉल, अल्कोहोलचे टँकर नेणाऱ्यांसाठी नियम आणखी कडक आहेत. धोकादायक मालाची वेगळी नोंद, तीन दिवसांचे प्रशिक्षण, आणि मुदत तीनच वर्षे. ज्यांची मुले त्या कामावर आहेत त्यांनी तिकडे चौकशी करावी.

कार्डावरच्या दोन तारखा

माझ्या मते सगळ्यांत जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्याच्याकडे ट्रान्सपोर्टची नोंद आहे त्याच्या कार्डावर मुदतीच्या दोन तारखा छापलेल्या असतात. एक 'एनटी', म्हणजे ट्रान्सपोर्ट नसलेल्या वाहनांची, आणि दुसरी 'टीआर', म्हणजे ट्रान्सपोर्टची. एनटीची तारीख लांबची असते. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे तिशीच्या आतल्या माणसाला ती वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत मिळते, तीस ते पन्नास वयाच्या माणसाला दहा वर्षे मिळते. टीआरची मुदत मात्र पाचच वर्षे. पूर्वी ती तीन वर्षे होती. ड्रायव्हर आणि मालक दोघेही लांबची तारीख बघतात आणि निर्धास्त होतात. "अजून आठ वर्षं आहेत की" म्हणतात. ती आठ वर्षे त्याच्या मोटारसायकलची आणि घरच्या जीपची असतात. ट्रकची मुदत कदाचित मागच्या श्रावणातच संपलेली असते.

दुसरी जुनी समजूत एका महिन्याच्या सवलतीची. पूर्वी मुदत संपली तरी तीस दिवस लायसन चालू धरत. २०१९ च्या दुरुस्तीने ही सवलत गेली. आता मुदत संपली त्या दिवसाच्या पुढच्या दिवशी लायसन नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो, आणि संपल्यानंतर एक वर्षापर्यंत करता येतो. वर्ष उलटले की पुन्हा चालवण्याची परीक्षा. पण संपल्यावर एक वर्षापर्यंत अर्ज करता येतो याचा अर्थ ते वर्षभर गाडी चालवता येते असा नाही. मधल्या दिवसांत अपघात झाला तर त्या दिवशी ड्रायव्हरकडे लायसन नव्हते असेच धरले जाते. नंतर नूतनीकरण करून आणले तरी तो दिवस भरून निघत नाही.

लायसनचा नंबरही वाचता आला पाहिजे. सुरुवातीला 'एमएच', मग कार्यालयाचा आकडा, मग चार आकडी साल आणि पुढे सात आकडे. १३ म्हणजे सोलापूर, ४५ म्हणजे अकलूज, ०९ म्हणजे कोल्हापूर, २३ म्हणजे बीड. बीडकडून आलेल्या ड्रायव्हरचे लायसन इथे चालते का, असे विचारतात. चालते, लायसन भारतभर लागू असते. साल आणि माणसाचे वय यांचा मेळ मात्र घालून बघावा. एकवीस वर्षांच्या पोराच्या कार्डावर एलएमव्हीचे साल दहा वर्षांपूर्वीचे असेल तर कार्डातच खोट आहे. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकली की खरे-खोटे, वर्ग आणि दोन्ही मुदती समोर येतात. दोन मिनिटांचे काम आहे. ज्यांना मोबाईलवर जमत नाही त्यांनी गट ऑफिसात यावे, आमची माणसे बघून देतील. कार्ड मोबाईलमध्ये डिजिलॉकरवर किंवा एम-परिवहनवर ठेवले असेल तर २०१८ पासून तेही ग्राह्य आहे. त्याचा साधा फोटो काढून ठेवलेला मात्र चालत नाही.

मिसरूड न फुटलेले ड्रायव्हर

"आमचं पोरगं नववीला आहे, पण काय ट्रॅक्टर चालवतंय!" हे कौतुक पारावर ऐकू येते. रानात चालवतो तोवर ते कौतुक आहे. ट्रॉली भरून तो कारखान्याच्या रांगेत आला, की त्याच्या बापावर २०१९ साली कायद्यात घातलेले कलम १९९-अ लागू होते. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. त्याला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पुरी होईपर्यंत लायसन मिळत नाही. म्हणजे ज्याच्या हाताचे आपण कौतुक करतो त्याच्या ऐन कमाईची सात वर्षे गेली. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण त्याला रोखण्याचा प्रयत्न केला होता हे बापाने सिद्ध करायचे असते. स्वतः किल्ली हातात दिलेली असताना ते कसे सिद्ध होणार?

सज्ञान पण विनालायसन माणसाच्या हाती गाडी दिली तर ड्रायव्हरला पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढीच शिक्षा वेगळी. दारूबद्दल एवढेच सांगतो की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की पहिल्या वेळेला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

अपघाताचा हिशेब

दंड हा लहान भाग आहे. मोठा भाग नुकसानभरपाईचा. ती कशी ठरते ते एका मांडणीवरून पाहू. समजा, ट्रॅक्टरच्या धक्क्याने तीस वर्षांचा एक माणूस दगावला. स्वतःचा छोटा धंदा, महिना बारा हजार कमाई. मागे बायको, दोन मुले आणि आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ मध्ये घालून दिलेल्या पद्धतीने हिशेब करते. वर्षाची कमाई १,४४,०००. पुढे वाढली असती म्हणून ४० टक्के जादा, झाले २,०१,६००. चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले १,५१,२००. या वयाला गुणक १७. गुणाकार २५,७०,४००. अंत्यविधी, सहवास वगैरेची रक्कम आणि व्याज याशिवाय.

एकरी चाळीस टन आणि टनाला तीन हजार धरले तर एका एकराचे ऊसबिल १,२०,००० होते. म्हणजे साधारण साडेएकवीस एकरांचे सगळे बिल, खर्च वजा न करता. आपल्यातल्या किती जणांकडे एवढा ऊस आहे?

विमा चालू असेल आणि ड्रायव्हरचे लायसन बरोबर असेल तर ही रक्कम विमा कंपनी भरते. लायसन नसेल, वर्ग चुकीचा असेल किंवा मुदत संपलेली असेल तर कंपनी पॉलिसीची अट मोडली म्हणून हात वर करते. अशा वेळी न्यायाधिकरण पुष्कळदा असा आदेश देते की कंपनीने मृताच्या कुटुंबाला आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. त्या विधवेला पैसे मिळतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण वसुली मालकावर येते. कलम १७४ प्रमाणे निवाड्याची रक्कम कलेक्टरांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. महसुलाची थकबाकी कशी वसूल होते हे शेतकऱ्याला सांगायला नको.

मालकाला बचाव आहे तो इतकाच. ड्रायव्हर ठेवताना त्याचे लायसन पाहिले, ते खरे वाटत होते, त्याला चालवता येते याची खात्री केली, एवढे मालकाने केले असेल आणि नंतर लायसन बनावट निघाले, तर मालकाने जाणूनबुजून अट मोडली असे म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत सांगितले आहे. पण 'पाहिले' हे दाखवता आले पाहिजे. ड्रायव्हर कामावर आला त्या दिवशी अस्सल कार्ड पाहून त्याच्या झेरॉक्सवर तारीख घालून त्याची सही घ्यावी आणि कागद घरी ठेवावा. त्याला रस्त्यावर एक-दोन खेपा आपल्या डोळ्यांदेखत चालवायला लावावे.

विम्याच्या कागदातही एक ओळ वाचायची असते, 'वापराची मर्यादा' या सदराखालची. हप्ता कमी बसतो म्हणून ट्रॅक्टरचा विमा फक्त शेतीकामासाठी उतरवलेला असतो आणि गाडी हंगामभर भाड्याने दुसऱ्याचा ऊस ओढते. मग ड्रायव्हरचे लायसन सोन्याचे असले तरी कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. ट्रॉलीची नोंदणी आहे का आणि तिचा नंबर पॉलिसीत आला आहे का, हेही बघून घ्यावे. आणि मडगार्डवर, उसाच्या मोळ्यांवर बसून येणारे तोडणी कामगार! ट्रॅक्टरला सीट एकच असते. मालवाहू गाडीवर बसलेल्या अशा माणसांची जबाबदारी विमा कंपन्या नाकारतात आणि न्यायालयांनी ते पुष्कळदा मान्य केले आहे. टोळीतली बाई पोटच्या पोराला घेऊन मोळ्यांवर झोपलेली असते, तिला खाली उतरवून वेगळ्या गाडीने आणायचा खर्च मुकादम आणि वाहनमालक यांनी आपसांत बोलून करावा.

हंगामातले बदली ड्रायव्हर

करार ऑक्टोबरात होतो त्या वेळी दिलेले लायसन बहुधा बरोबर असते. माणूस जानेवारीत बदलतो. उचल घेतलेला ड्रायव्हर संक्रांतीला गावी जातो तो परत येत नाही. गाडी उभी ठेवणे परवडत नाही, म्हणून क्लीनरला बसवतात किंवा फोन करून कोणालातरी बोलावतात. फाईलमध्ये जुन्याची झेरॉक्स आणि स्टिअरिंगवर नवा माणूस. जो नवा येईल त्याचे कार्ड त्याच दिवशी पाहावे आणि त्याची प्रत चिटबॉयकडे किंवा गट ऑफिसात द्यावी. ज्यांच्याकडे दोन गाड्या आहेत त्यांनी हंगामापुरता एक जादा लायसनवाला माणूस बांधून ठेवावा. चार महिन्यांचा त्याचा पगार जड वाटेल, पण क्लीनरच्या हाती गाडी द्यायची वेळ त्यामुळे येत नाही.

या वर्षी करारासाठी येताना सभासदांनी ड्रायव्हरला बरोबर आणावे आणि अस्सल कार्ड आणावे, झेरॉक्स इथे काढता येते. ज्यांची टीआरची तारीख मार्चअखेरच्या आत संपते त्यांनी हंगाम संपायची वाट न पाहता आत्ताच फॉर्म १-अ घेऊन नूतनीकरणाचा अर्ज करावा. एकदा गाळप सुरू झाले की आर. टी. ओ. कडे जायला एका दिवसाची सुट्टी मिळत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव आहे.